कॅसेटमधला पट

नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या गल्लीत ज्याला सगळे नुसतं ‘व्हिडिओ गेम’ म्हणायचे, तो डबा म्हणजे जपानी फॅमिकॉमची नक्कल होती, हे कळायला मला वीसेक वर्षं लागली. उन्हाळ्याच्या सुट्टीत तो दिवसाच्या भाड्याने मिळे. सोबत एक कॅसेट, तिच्यावर ‘९९९ इन १’ असं छापलेलं आणि आत खरे खेळ जेमतेम तीस-चाळीस. चालली नाही की काढायची, खालून फुंकर मारायची, पुन्हा दाबून बसवायची. मारिओ, काँट्रा, बदकं मारायचा खेळ यांच्यासाठी भांडणं व्हायची. त्याच यादीत खाली कुठेतरी एक खेळ असे, ज्यात नुसती आडव्या-उभ्या रेघांची जाळी आणि तिच्यावर काळे-पांढरे मणी. तो चुकून लागला की कुणीतरी ओरडे, ‘‘ए, रिसेट मार!’’ आजोबांनी एकदा चष्मा पुसत विचारलं होतं, ‘‘हे काय आहे रे? बुद्धिबळासारखं काही आहे का?’’ कुणालाच माहीत नव्हतं. रिसेट मारला गेला.

तो खेळ बहुधा ‘गोमोकु नाराबे’ असावा. एका ओळीत पाच मणी लावणारा जिंकतो, एवढाच त्याचा नियम. निन्टेंडोने फॅमिकॉम बाजारात आणला १५ जुलै १९८३ रोजी, डाँकी काँग, डाँकी काँग ज्युनिअर आणि पॉपाय अशा तीन खेळांसह. त्यानंतर दीड महिन्याच्या आत, २७ ऑगस्टला, दोन नवे खेळ आले. एक माजाँग, म्हणजे ठोकळ्यांनी खेळायचा चिनी खेळ, आणि दुसरा ‘गोमोकु नाराबे रेंजू’. उड्या मारणारा सुतार दाखवणाऱ्या यंत्रावर लगोलग आजोबा-पणजोबांचे खेळ का यावेत? पुढची पंधरा वर्षं जपानी कंपन्या शोगी आणि गो हे पटावरचे खेळ टीव्हीवर आणण्यासाठी धडपडत राहिल्या, ती धडपड कशासाठी होती आणि तिच्यातून हाती काय लागलं? या कॅसेटींकडे आजवर कुणी फारसं वळून पाहिलेलं नाही. खेळ म्हणून त्यातल्या बहुतेक सामान्यच आहेत, हे आधीच सांगून टाकतो. पण त्या काळच्या यंत्रांना खरोखर किती अक्कल होती, हे जाणून घ्यायचं असेल तर मारिओ कामाचा नाही. या कॅसेटी उघडाव्या लागतात.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सोपं आहे. निन्टेंडो ही मुळात पत्ते बनवणारी कंपनी. १८८९ साली क्योतोमध्ये ती सुरू झाली ती हानाफुदा नावाचे फुलांची चित्रं असलेले पत्ते हाताने तयार करायला. पुढे त्यांच्याकडे शोगीचे आणि गोचे संचही मिळू लागले. तेव्हा टीव्हीवरचा माजाँग म्हणजे दुकानात जुना माल नव्या खोक्यात मांडण्यासारखं होतं. त्यात व्यवहारही होता. यंत्र पोरासाठी घेतलं जाई, पण पैसे बापाच्या खिशातून जात. रविवारी दुपारी बापालाही त्यावर काही खेळता आलं, तर खरेदी पटवणं सोपं. माजाँगची कॅसेट वीस लाखांहून जास्त खपली. बाप लोकांनी नुसत्या सह्या केल्या नाहीत, हातात कंट्रोलरही घेतला.

गोमोकु यंत्राला जमण्यासारखाच होता. मणी एकदा ठेवला की हलत नाही, मरत नाही, बढती नाही, काही नाही. यंत्राने फक्त ओळी मोजायच्या. सलग तीन कुठे आहेत, चार कुठे, दोन्ही टोकं मोकळी आहेत का, एवढं पाहिलं की बऱ्यापैकी खेळ उभा राहतो. अडचण खेळातच आहे: पहिला खेळणारा नीट खेळला तर तोच जिंकतो. हे जपान्यांना फार पूर्वी उमगलं होतं, म्हणून त्यांनी काळ्यावर बंधनं घातली. एकाच वेळी दोन मोकळ्या ‘तिना’ करायच्या नाहीत, दोन ‘चौक’ करायचे नाहीत, सलग सहा झाले तर चालणार नाहीत. हा बांधील प्रकार म्हणजेच रेंजू. कॅसेटच्या नावातला तो शब्द शोभेचा नाही.

आता शोगी. मराठी वाचकाला तो बुद्धिबळाच्या वाटेने समजणं सोपं, कारण दोन्हींची आजी एकच, आपलं चतुरंग. पट नऊ बाय नऊ, प्रत्येकाकडे वीस मोहरे. राजा आहे, हत्तीसारखा सरळ धावणारा एक आणि उंटासारखा तिरका धावणारा एक. घोडा आहे, पण तो फक्त पुढेच उडी मारतो. मागे येणं त्याच्या नशिबात नाही. राजाच्या दोन्ही अंगांना सोन्याचा सेनापती आणि त्याच्या पलीकडे चांदीचा सेनापती. या चांदीच्या सेनापतीची चाल फार मजेची आहे: चारही तिरकस दिशांना एक घर किंवा सरळ पुढे एक घर. अकराव्या शतकात अल्बेरूनीने हिंदुस्थानातल्या बुद्धिबळाचं जे वर्णन लिहून ठेवलं, त्यातला हत्ती नेमका असाच चालतो. चार पाय आणि एक सोंड. आपल्या पटावरून तो हत्ती कधीच गेला. जपानमध्ये तो चांदीचं नाव घेऊन अजून चालतो आहे. नाराच्या कोफुकुजी मंदिराच्या आवारात शोगीचे जे सर्वांत जुने मोहरे सापडले, ते १०५८ सालचे, म्हणजे अल्बेरूनीच्या ग्रंथानंतर तीस वर्षांच्या आतले.

शोगीचा खरा स्वभाव मात्र वेगळ्याच नियमात आहे. मारलेला मोहरा मरत नाही, मारणाऱ्याच्या हातात जातो. मग तो आपल्या पाळीला ते मोहरं आपल्या बाजूने पटावर हव्या त्या रिकाम्या घरात उतरवू शकतो. कालपर्यंत ज्याने तुमच्या राजाचं रक्षण केलं, तोच आज त्याच्या नाकासमोर शह देत उभा. महाराष्ट्रातल्या वाचकाला ही कल्पना अधिक फोड करून सांगायची गरज नसावी. म्हणूनच दोन्ही बाजूंच्या मोहऱ्यांचा रंग एकच असतो. मोहरं पाचरीसारखं असतं आणि टोक ज्याच्याकडे, तो शत्रू. पक्ष बदलला की मोहरं फक्त फिरवून ठेवायचं.

हे टीव्हीवर दाखवणं म्हणजे काय कसरत होती, ते जरा जवळून पाहू. फॅमिकॉमचा पडदा २५६ बाय २४० ठिपक्यांचा. चित्रं दोन प्रकारची: मागचा स्थिर पडदा, जो आठ बाय आठ ठिपक्यांच्या फरश्यांनी बनतो, आणि पुढे हलणारी सुटी चित्रं, म्हणजे स्प्राइट. मारिओ स्प्राइट असतो, भिंती फरश्या असतात. शोगीचं मोहरं स्प्राइट करावं, असं कुणालाही वाटेल. पण फॅमिकॉम एका आडव्या रेषेत आठच स्प्राइट दाखवू शकतो, नववा गायब होतो. शोगीच्या पहिल्याच रांगेत नऊ मोहरे शेजारी शेजारी बसलेले, आणि चिनी अक्षर वाचता यावं म्हणून प्रत्येक मोहरं सोळा ठिपके रुंद, म्हणजे दोन स्प्राइटचं. अठरा झाले. म्हणजे मोहरे मागच्या फरश्यांतच रंगवावे लागणार. तिथे दुसरी मेख: स्प्राइट उलटं करून दाखवायची सोय यंत्रात आहे, फरशी उलटी करायची नाही. शत्रूच्या मोहऱ्यांवरची अक्षरं तर उलटीच दिसायला हवीत. मग हिशेब करा. आठ जातींचे मोहरे, त्यांतल्या सहांना बढती मिळते, म्हणजे चौदा चेहरे. सुलटे चौदा, उलटे चौदा, प्रत्येकाला चार फरश्या. एकशे बारा. एका वेळी मागच्या पडद्याला मिळतात २५६ फरश्या. पट, आकडे, अक्षरं, संदेश सगळं उरलेल्या जागेत.

सहा वर्षांनी आलेल्या गेम बॉयच्या पडद्याने मात्र गंमत केली. त्याची उंची १४४ ठिपके. नऊ घरं गुणिले सोळा ठिपके बरोबर १४४. शोगीचा पट वरपासून खालपर्यंत तंतोतंत मावतो आणि रुंदीत उरतात फक्त सोळा ठिपके, हातातले मोहरे ठेवायला. जणू कुणी मापच घेतलं होतं. (घेतलं नव्हतं, हे उघड आहे.)

असाच पेच अमेरिकेत अटारीपुढेही आला होता. १९७९च्या त्यांच्या ‘व्हिडिओ चेस’मध्ये एका रांगेत आठ मोहरे दाखवायला यंत्र तयार नव्हतं. बॉब व्हाइटहेड या प्रोग्रॅमरने मोहऱ्यांच्या रेषा एकाआड एक वाटून घेतल्या, खिडकीच्या पट्ट्यांच्या पडद्यासारख्या. त्या यंत्राची स्मृती होती १२८ बाइट. विचार करताना पडद्यावर भलतेच रंग चमकत, कारण बिचाऱ्याला विचार आणि चित्र दोन्ही एकदम जमत नसे. यात मला तरी हसण्यासारखं काही वाटत नाही. आमच्याकडेही काही जण मोबाइल हातात असताना दुसऱ्याचं ऐकू शकत नाहीत.

चित्राचा प्रश्न हुशारीने सुटतो. विचाराचा सुटत नाही. बुद्धिबळात एका स्थितीत सरासरी पस्तीसेक खेळी शक्य असतात. शोगीत, हातातले मोहरे कुठेही उतरवता येत असल्यामुळे, ऐंशीच्या आसपास. माझी एक, त्याची एक, माझी एक, इतकंच पुढचं पाहायचं म्हटलं तर बुद्धिबळात त्रेचाळीस हजारांच्या आत स्थिती येतात आणि शोगीत पाच लाख बारा हजार. फॅमिकॉमचा मेंदू सेकंदाला सुमारे अठरा लाख ठोके देतो. एका स्थितीचं मोल ठरवायला हजार ठोके लागतात असं धरलं, आणि हे फार उदार गृहीतक आहे, तर बुद्धिबळाची खेळी चोवीस सेकंदांत होईल आणि शोगीची पावणेपाच मिनिटांत. अर्थात निरर्थक फांद्या छाटायच्या युक्त्या असतात, सगळं मोजावं लागत नाही. तरी तीन खेळींच्या पलीकडे त्या यंत्राने पाहावं अशी अपेक्षा करणं म्हणजे छकड्याला घाट चढवायला लावणं. पटावर बढतीची सहा रूपं, हातातले मोहरे, ‘एका उभ्या रांगेत आपली दोन प्यादी नकोत’, ‘प्यादं उतरवून थेट मात करायची नाही’ असले कायदे, आणि हे सगळं दोन केबी स्मृतीत.

फॅमिकॉमवर शोगी पहिल्यांदा आला तो १९८५ मध्ये, सेटा कंपनीचा. त्यावर नाव होतं नाइतो कुनिओ, नववे दान. (आपल्याकडे ‘दान’ सोंगट्यांचं पडतं किंवा सत्पात्री दिलं जातं, तिकडे ती खेळाडूची पायरी असते आणि नववी सर्वांत वरची.) नाइतो हे अस्सल दर्जेदार खेळाडू, शोगीतली मात करण्याची कोडी रचण्यात नामांकित आणि वर गायकही. १९७६ मध्ये त्यांनी गायलेलं ‘ओयुकी’ हे एन्का गाणं जपानभर गाजलं. बुद्धिबळाचा एखादा ग्रँडमास्टर नाट्यसंगीताच्या मैफलीही गाजवतो आहे, अशी कल्पना करा. तेव्हा कॅसेटवर त्यांचं नाव का छापलं, हे कळायला वेळ लागत नाही. यंत्राला अक्कल नसली तरी खोक्याला वजन हवं.

मात करण्याच्या या कोड्यांबद्दल, म्हणजे ‘त्सुमे शोगी’बद्दल, एक निरीक्षण नोंदवावंसं वाटतं. त्यांत हल्ला करणाऱ्याची प्रत्येक खेळी शहच असावी लागते. त्यामुळे ऐंशी फांद्यांच्या पाच-सात होतात आणि दुबळं यंत्रही बऱ्याच खोलवर जातं. म्हणून त्या काळच्या शोगी कॅसेटींचं वागणं विचित्र वाटतं. डावाच्या सुरुवातीला पोरकटपणा, मधल्या खेळात तर अगदीच आंधळेपणा, आणि राजा उघडा पडला की अचानक धार. शेजारच्या घरातला एखादा गडी दिवसभर झोपलेला असतो आणि जेवणाची ताटं मांडली की टुणकन उठतो, तशी.

इथे मोरिता काझुरो यांचं नाव घ्यायलाच हवं, कारण या सगळ्या गोष्टीचा नायक कुणी असेल तर तेच. १९८२ मध्ये एनिक्स कंपनीने प्रोग्रॅमरांसाठी स्पर्धा लावली आणि ती मोरितांनी एका युद्धाच्या खेळावर जिंकली. पण त्यांचं मन शोगीत होतं. १९८५ मध्ये त्यांचा संगणकावरचा शोगी आला, १९८७ मध्ये तो फॅमिकॉमवर उतरला, आणि १९९१ च्या संगणक-शोगी अजिंक्यपद स्पर्धेत त्यांचाच प्रोग्रॅम पहिला आला. म्हणजे कॅसेटवर फक्त नाव देणारा हा माणूस नव्हता. आतला मेंदू त्याने स्वतः विणलेला होता. ‘मोरिता शोगी’ हे दोन शब्द जपानमध्ये पुढे जोडशब्दासारखेच वापरले जाऊ लागले.

पुढची पायरी सुपर फॅमिकॉमची. या यंत्रात फरशीही उलटी करता येत होती, म्हणजे अक्षरांचा छळ संपला. मेंदू मात्र जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झचा. त्या काळी कॅसेट नुसती साठवणुकीची डबी नसे; तिच्यात वेगळी चिप घालून यंत्राला मदत देता येई. शर्यतीच्या आणि अवकाशयुद्धाच्या खेळांत तशा चिपा चित्रं काढायला घातलेल्या असत. सेटाने १९९३ च्या ‘हायाझाशी निदान मोरिता शोगी’मध्ये चिप घातली ती विचार करायला. (‘हायाझाशी’ म्हणजे झटपट खेळणारा, ‘निदान’ म्हणजे दुसऱ्या दानाचा. मराठीत वाचलं की निदान लवकर तरी खेळेल, अशी आशा वाटते.) आणि १९९५ च्या दुसऱ्या भागात त्यांनी जे केलं ते थक्क करणारं आहे. त्या कॅसेटमध्ये एसटी०१८ नावाची बत्तीस बिटांची एआरएम जातीची चिप होती, साडेएकवीस मेगाहर्ट्झची. आज तुमच्या खिशातल्या मोबाइलमध्ये जी चिप आहे ती याच घराण्यातली. निन्टेंडोने स्वतः एआरएम चिप वापरून हातातलं यंत्र काढलं, गेम बॉय ॲडव्हान्स, ते २००१ मध्ये. तिचे ठोके होते सुमारे पावणेसतरा मेगाहर्ट्झ. म्हणजे सहा वर्षं आधी, वडिलांच्या पिढीसाठी काढलेल्या एका नीरस दिसणाऱ्या शोगी कॅसेटमध्ये त्याहून जलद ठोक्यांचा मेंदू होता. कॅसेट जिच्यात खोचायची त्या यंत्रापेक्षा कॅसेटच हुशार. यजमानापेक्षा पाहुणा विद्वान, असं म्हणा हवं तर.

यानंतर शोगीला एक अनपेक्षित मान मिळाला. १४ फेब्रुवारी १९९६ रोजी पंचवीस वर्षांच्या हाबू योशिहारू यांनी तेव्हाचे सातही मोठे किताब एकाच वेळी आपल्याकडे घेतले. असं आधी कुणी केलं नव्हतं. शोगी वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवरून पहिल्या पानावर आला. त्याच वर्षी २३ जूनला निन्टेंडो ६४ बाजारात उतरलं तेव्हा दुकानात त्याच्यासाठी तीनच कॅसेटी होत्या: सुपर मारिओ ६४, पायलटविंग्ज ६४ आणि ‘साइक्यो हाबू शोगी’. एक त्रिमितीत धावणारा मारिओ, एक त्रिमितीत उडणारं विमान आणि एक हजार वर्षं जुना लाकडी पट. नव्या यंत्राचा हा तिसरा नमुना पाहून जपानबाहेरच्यांना कोडं पडलं असणार. मला ती निवड चुकीची वाटत नाही. त्या चार महिन्यांत हाबूंचं नाव जपानी घराघरांत पोहोचलं होतं. दोन वर्षांनी ‘मोरिता शोगी ६४’ आला. त्याच्या कॅसेटलाच टेलिफोनची तार खोचायचं छिद्र होतं. फोनवरून घरबसल्या दुसऱ्या माणसाशी डाव मांडता यायचा. निन्टेंडो ६४ च्या दुसऱ्या कुठल्याही खेळाच्या कॅसेटमध्ये अशी सोय झाली नाही.

यंत्राशी खेळून कंटाळलेल्या माणसाला दुसरा माणूस मिळवून देणं, हा मोरितांनी काढलेला तोडगा त्या सगळ्या वर्षांतला सर्वांत शहाणा, असं माझं मत आहे.

गोची कहाणी याहून करुण आणि याहून चविष्ट. पट एकोणीस बाय एकोणीस रेघांचा, ३६१ छेदबिंदू, काळे-पांढरे मणी. शत्रूचा मणी चारही बाजूंनी कोंडला की तो उचलायचा. शेवटी ज्याची जागा जास्त, तो जिंकला. मोहऱ्यांच्या जाती नाहीत, त्यामुळे कुणाचं मोल किती हेच सांगता येत नाही. बुद्धिबळाच्या यंत्राला हत्तीचे पाच आणि घोड्याचे तीन गुण शिकवता येतात. गोमध्ये एका मण्याचं मोल बाकी सगळ्या मण्यांवर अवलंबून असतं. यंत्राला मोजायला काहीच सापडत नाही.

व्हिडिओ गेमच्या इतिहासात मात्र गोचे शब्द सगळीकडे सांडलेले आहेत. मणी पुढच्या खेळीत उचलला जाणार असेल तर त्या स्थितीला ‘अटारी’ म्हणतात. नोलन बुशनेल या अमेरिकन गो-शौकिनाने १९७२ मध्ये आपल्या कंपनीला तेच नाव दिलं. पुढाकार हातात असणं म्हणजे ‘सेन्ते’. बुशनेलच्या नंतरच्या एका कंपनीचं नाव तेच. पटाचा मधोमधचा बिंदू ‘तेनगेन’. अटारीच्या वारसदारांनी घरगुती खेळांसाठी काढलेल्या शाखेचं नाव टेंगेन.

आणि आता फॅमिकॉमवरचा गो. हेंक रॉजर्स नावाचा डच तरुण योकोहामात बुलेट-प्रूफ सॉफ्टवेअर ही कंपनी चालवत होता. निन्टेंडोचे अध्यक्ष हिरोशी यामाउची गोचे मुरलेले खेळाडू आहेत, हे त्याला कळलं. यामाउची स्वतः व्हिडिओ गेम खेळण्याबद्दल प्रसिद्ध नव्हते, गोबद्दल होते. रॉजर्सने त्यांना फॅक्स केला: तुमच्या यंत्रावर गो आणून दाखवतो. भेट ठरली. यामाउची म्हणाले, माझ्याकडे द्यायला प्रोग्रॅमर नाहीत. रॉजर्स म्हणाला, मला प्रोग्रॅमर नकोत, पैसे हवेत. तीन लाख डॉलर ठरले. एका ब्रिटिश प्रोग्रॅमरने घरगुती संगणकासाठी लिहिलेला गो फॅमिकॉमवर बसवण्यात आला, नऊ बाय नऊच्या छोट्या पटावर, कारण मोठा पट त्या यंत्राला झेपणाराच नव्हता. तयार झाल्यावर निन्टेंडोने तो पाहिला आणि हा फार कच्चा खेळतो म्हणून आपल्या नावाने काढायला नकार दिला. १९८७ मध्ये रॉजर्सने तो स्वतःच काढला.

खेळ म्हणून तो विस्मरणात गेला. पण यामाउचींचं दार रॉजर्सला उघडलं ते त्यामुळेच. १९८८ मध्ये लास व्हेगासच्या प्रदर्शनात त्याला टेट्रिस दिसला, १९८९ च्या फेब्रुवारीत तो मॉस्कोला गेला आणि हातातल्या यंत्रांसाठीचे हक्क मिळवून आला. त्या हक्कांवरच गेम बॉयचं साम्राज्य उभं राहिलं. घरगुती यंत्रावरच्या टेट्रिससाठी निन्टेंडोच्या विरोधात न्यायालयात उभी राहिलेली कंपनी होती टेंगेन, आणि १९८९ च्या जूनमध्ये तिला आपल्या कॅसेटी बाजारातून मागे घ्याव्या लागल्या. दोन्ही बाजूंना गो होता. एकाच्या खिशात आणि एकाच्या पाटीवर.

गोच्या बाबतीत यंत्रं पुढे किती काळ कच्ची राहिली, हे सांगायला एकच प्रसंग पुरेल. १९९७ मध्ये डीप ब्लू या संगणकाने कास्पारोव्हला बुद्धिबळात हरवलं. त्यानंतर वर्षभराने, १९९८ मध्ये, मार्टिन म्युलर या संशोधक-खेळाडूने तेव्हाच्या नावाजलेल्या गो प्रोग्रॅमला सुरुवातीलाच एकोणतीस मण्यांची सूट दिली आणि तरीही डाव जिंकला. तैवानचे उद्योगपती इंग चांग-की यांनी व्यावसायिक खेळाडूला हरवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी चार कोटी तैवानी डॉलरचं बक्षीस लावलं होतं. २००० साली मुदत संपली आणि ते तसंच पडून राहिलं. घरगुती यंत्रांवरच्या गोचा जीव पुन्हा वर आला तो यंत्रामुळे नाही, ‘हिकारू नो गो’ या मांगामुळे, म्हणजे जपानी चित्रकथेमुळे. २००१ मध्ये तिच्यावरचा खेळ गेम बॉय ॲडव्हान्सवर आला आणि शाळकरी मुलं गोचे नियम शिकली.

पुढचं सगळ्यांना ऐकून माहीत आहे. शोगीत २००५ नंतर होकी कुनिहितो या रसायनशास्त्रज्ञाच्या ‘बोनान्झा’ने मोहऱ्यांचं मोल माणसाने ठरवायचं सोडून जुन्या डावांतून यंत्रालाच शिकू दिलं. २०१३ मध्ये एका कार्यरत व्यावसायिकाने पहिल्यांदा जाहीरपणे यंत्राकडून हार घेतली, २०१७ मध्ये तेव्हाचा ‘मेजिन’, म्हणजे त्या नावाच्या मोठ्या किताबाचा मानकरी, हरला. गोमध्ये २०१६ च्या मार्चमध्ये अल्फागो या प्रोग्रॅमने ली सेडोल या व्यावसायिक खेळाडूला चार-एक असं हरवलं. यातलं काहीही टीव्हीखालच्या डब्यात घडलं नाही. २०२० मध्ये निन्टेंडोने स्विच यंत्रासाठी जगभरच्या एक्कावन्न पारंपरिक खेळांचा संग्रह काढला. त्यात गोमोकु आहे, शोगी आहे, हानाफुदा आहे. गो नाही.

शोगी शिकायचा असेल तर त्या संग्रहापासून सुरुवात करा. तिथे मोहऱ्यांवर चालीची खूणही दिसते. जुन्या कॅसेटींच्या नादी लागायचं ते फक्त कुतूहलापोटी. पण त्यांतल्या एकीबद्दल सांगायचं राहिलं. सुपर फॅमिकॉमचे खेळ आजच्या संगणकावर तंतोतंत चालावेत म्हणून जगभरचे हौशी प्रोग्रॅमर वर्षानुवर्षं झटत होते. कॅसेटींतल्या वेगवेगळ्या चिपांची एकेक उकल होत गेली आणि शेवटी एकच उरली: एसटी०१८. ती एकाच कॅसेटमध्ये वापरली गेली होती, ‘हायाझाशी निदान मोरिता शोगी २’. सुपर फॅमिकॉमच्या अधिकृत खेळांपैकी सर्वांत शेवटी उलगडला तो हा. ते साल होतं २०१२. मोरिता काझुरो त्याच वर्षी वारले.